मातीचा मग वाळताना बुडाला चीर पडते, काय करू?

मातीवेडी: चाकावर मग मस्त उठतो पण वाळला की बुडाला एस आकाराची चीर ठरलेली, कानही सुटतो. पंख्याखाली ठेवते. वैताग आलाय नुसता, सोडून देऊ का?

कोकण्या: आधी पंखा बंद कर! काठ पटकन वाळतो, बूड ओलंच राहतं मग ताण येऊन फाटणारच ना. प्लास्टिकने झाकून सावकाश वाळू दे, मधे पालथा घाल. आणि चाकावरच बूड नीट दाबून घे, आत पाणी साचू देऊ नको.

फिरतंचाक: +१. कान लावताना दोन्हीकडे खरवडून स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लाव, दोघं सारखेच ओले हवेत. पावसाळ्यात भट्टीची घाई नकोच, ओल राहिली तर १०० डिग्रीला वाफ होऊन फुटतो आणि शेजारच्यांचीही वाट लावतो.

मातीवेडी: अरे देवा, म्हणजे अजून थांबा! बरं, झाकला एकदाचा.