अग्निशामक डिकीत नको
अग्निशामक डिकीत ठेवला तरी चालतो, हे मला अजिबात पटत नाही. सामान उपसून तो काढेपर्यंत आग हाताबाहेर गेलेली असते. चालकाच्या सीटपाशी ब्रॅकेटमध्ये घट्ट बसवा. सुटा ठेवलात तर घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाईल. १ किलोचा एबीसी पावडरवाला (म्हणजे घन वस्तू, पेट्रोलसारखे द्रव आणि गॅस, तिन्हींच्या आगीवर चालणारा) जेमतेम ८-१० सेकंद चालतो, म्हणून फवारा थेट ज्वाळांच्या बुडाशी मारायचा. आणि कृपा करून बॉनेट सताड उघडू नका! हवा मिळाली की भडका उडतो. बॉनेटचा खटका ओढून जेवढी फट पडेल तेवढ्यातूनच मारा. अर्थात आधी इंजिन बंद आणि सगळी माणसं बाहेर, लांब. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरीच पेटली असेल तर या पावडरीने ती विझत नाही, तिथे थांबूच नका, अग्निशमन दलाला बोलवा.