मदत हवी आहे: मुलीचं नाव प्राचीन इजिप्तमधलं ठेवायचंय. 'मेरित' कसं वाटतं?

नमस्कार मंडळी,

लेक तेवीस दिवसांची झाली. नणंद दुबईहून यायची म्हणून बारसं पुढे ढकललं, ते आता येत्या रविवारी आहे. घुगऱ्यांपासून पाळण्याच्या फुलांपर्यंत सगळं ठरलंय. ठरलं नाही ते फक्त नाव.

आम्हा दोघांना जुन्या इजिप्तचं वेड आहे. नवऱ्याची पहिली पसंती होती हातशेपसूत. अर्थ 'थोर स्त्रियांमध्ये अग्रणी', वीसेक वर्षं फॅरो म्हणून राज्य केलेली बाई, मलाही ती आवडते. पण सासूबाईंनी एकदाच उच्चारून बघितलं आणि म्हणाल्या, "हात काय, शेपूट काय, पोरीचं नाव आहे की माकडाचं?" विषय संपला. नेफरतीतीचा अर्थ 'सुंदरी आली आहे', छानच आहे, पण ऐकलं की ब्युटी पार्लरची पाटी डोळ्यांपुढे येते. आयसिस या देवीचं नाव तर आजच्या काळात कुणी ठेवूच नये. तिचं मूळ इजिप्शियन नाव असेत, पण मराठीत ते 'असेल-नसेल'सारखं ऐकू येतं.

माझ्या मनात मेरित आहे. अर्थ 'लाडकी'. ही राणीबिणी नव्हे. डेर अल-मदिना या कारागिरांच्या गावात साधारण 3400 वर्षांपूर्वी राहणारी बाई, राजाच्या बांधकामांवर देखरेख करणाऱ्या एका अधिकाऱ्याची बायको. नवऱ्याचं नाव खा. (होय, खा. मुलगा झाला असता तरी ते ठेवलं नसतं.) त्या दोघांचं न लुटलं गेलेलं थडगं 1906 साली स्कियापारेल्ली या इटालियन पुरातत्त्वज्ञाला सापडलं आणि आतला बहुतेक संसार आता इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. नवरा कामानिमित्त इटलीत होता तेव्हा आम्ही तो पाहिला. तिच्या केसांचा टोप, प्रसाधनाची पेटी, वाळलेल्या भाकऱ्या. मेरित नवऱ्याच्या आधी अचानक गेली, तिची पेटी तयार नव्हती, म्हणून खाने स्वतःसाठी करवून घेतलेली शवपेटी तिला दिली. ती तिला मोठी होते. त्या काचेसमोर आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे.

तर विचारायचंय ते असं. देवनागरीत मेरित लिहावं, मेरीत की मेर्यत? दुसरं, आईचं म्हणणं, "थडग्यातल्या बाईचं नाव तान्ह्या लेकराला?" यावर काय उत्तर देऊ? आणि जन्मदाखल्याचं काय, नाव नक्की व्हायला उशीर झाला तर अडचण येते का? पत्रिकेत आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण, म्हणजे अक्षर आलंय 'ङ'. हसू नका.

पाटीपेन्सिल:
अभिनंदन! पण ताई, मेरित नको. ज्या राज्यात बोर्डाच्या मेरिट लिस्टचा फोटो पेपरात यायचा, तिथे या पोरीला दहावीत साठ टक्के पडले तर मावश्या-काकवा जन्मभर सोडणार नाहीत. रोमन लिपीत तर ते मेरिटच होणार. ठेवायचंच असेल तर 'आय'ऐवजी 'वाय' घाला, इजिप्तचे अभ्यासकही तसं लिहितात.

चहाटळ:
इजिप्त म्हणजे आपलेच लोक. रामसेस म्हणजे आपला रमेश. सरळ रमा ठेवा.

नदीकाठ:
चहाटळ, रामसेस म्हणजे 'रा-मेस-सू', रा या सूर्यदेवाने ज्याला जन्म दिला तो. रमेश म्हणजे रमेचा ईश. कानाला सारखं लागलं म्हणून भावकी निघत नाही. नातं शोधायचंच तर खरं एक आहे, खाली सांगते.

धागाकर्ती, मेरित/मेरीत हा वाद सुटणार नाही, कारण इजिप्शियन लिपीत स्वर लिहीतच नसत. 'मर्यत' अशी नुसती व्यंजनं मिळतात. मधले ए-कार अभ्यासकांनी उच्चाराच्या सोयीसाठी घातलेत. नेफर, मेरित, हातशेपसूत ही सगळी आपण आज म्हणतो तशी त्या माणसांनी ऐकली असती तर बहुधा ओ दिली नसती.

पण काही नावांचे खरे उच्चार दुसऱ्या वाटेने कळतात. 1887 साली इजिप्तमधल्या अमार्ना इथे मातीच्या पाट्या सापडल्या. बॅबिलोन, मितान्नी (आजच्या उत्तर सीरियाच्या बाजूचं राज्य), टायर (आजच्या लेबनॉनमधलं बंदर) इथल्या राजांनी फॅरोला अक्कादी भाषेत लिहिलेली पत्रं. ती कीलाकार लिपी स्वर दाखवते. फॅरो अखेनातेनचं राजनाम आपण नेफरखेपेरुरे वाचतो, पत्रांत त्याला नप्खुरुरिया म्हटलंय. म्हणजे आपला 'नेफर' तेव्हा 'नप'च्या जवळ होता. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. अखेनातेन आणि नेफरतीतीच्या थोरल्या मुलीचं नाव मेरितातेन, 'आतेन या सूर्यदेवाची लाडकी'. त्यातला पहिला तुकडा तुमचा मेरितच. बॅबिलोनच्या आणि टायरच्या पत्रांत तिचा उल्लेख येतो तो 'मयाती' असा. टायरचा अधिपती तर स्वतःला मयातीचा सेवक म्हणवतो.

मयाती. बघा म्हणून.

आणि ते खरं नातं: पत्रं लिहिणाऱ्यांत मितान्नीचा राजा तुश्रत्त आहे. त्याचं नाव अभ्यासक 'त्वेषरथ' असं सोडवतात. मितान्नीच्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (अश्विनीकुमार) यांना साक्षीला बोलावलंय. त्याची मुलगी तदुखिपा लग्न होऊन इजिप्तला गेली. तेव्हा इजिप्तच्या राजवाड्यात आपल्या ओळखीच्या देवांची नावं माहेरून आलेली असतील, एवढं म्हणता येईल. त्याहून पुढे जाऊ नये.

गोधडी:
तुमच्या आईंना सांगा, त्या लोकांच्या समजुतीप्रमाणे नाव हा माणसाचाच एक भाग. त्याला 'रेन' म्हणत. कुणीतरी नाव घेतंय तोवर माणूस आहे. म्हणून तर हातशेपसूत गेल्यावर काही वर्षांनी तिची नावं भिंतींवरून छिन्नीने खरवडली. थडग्यावर नाव कोरायचं ते पुढच्यांनी मोठ्याने वाचावं म्हणूनच. अशुभ काय त्यात? आपण आजीचं नाव नातीला देतोच की.

जाता जाता, कमळाला ते 'सेशेन' म्हणत. हिब्रू शोशाना आणि इंग्रजी सुझन याच्याच लेकी. अर्थ हवा आणि राजाराणीची भानगड नको असेल तर हेही बघा.

पाटीपेन्सिल:
नेटवरच्या याद्यांवर विसंबू नका. 'मेरित-प्ताह, जगातली पहिली स्त्री डॉक्टर' असं जागोजागी दिसेल. पेसेशेत नावाच्या दुसऱ्याच बाईशी गल्लत होऊन विसाव्या शतकात तयार झालेलं ते पात्र आहे. बारशाला कौतुकाने सांगाल आणि कुणी जाणकार निघाला तर पंचाईत.

सरकारीबाबू:
दाखल्याची काळजी नको. जन्माची नोंद 21 दिवसांत झालेली असली म्हणजे झालं. नाव कोरं ठेवून दाखला मिळतो, 12 महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. मात्र एकदा घातलं की बदलायला गॅझेट, म्हणून स्पेलिंग ठरवूनच जा. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्यात बाळ, आई, वडील, आडनाव असं लिहितात. हातशेपसूत घातलं असतं तर अर्जाचे रकाने अपुरे पडले असते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. सेशेनला नवऱ्याने नकार दिला, त्याला सेशन्स कोर्ट आठवतं.

नदीकाठताई, मयाती काल रात्री घरात म्हणून बघितलं. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं नाव माया, त्यामुळे त्यांनी अर्थही विचारला नाही. आईला गोधडींचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती गप्प बसली, म्हणजे अर्धा होकार. मेरितचं मला वाईट वाटतंय, पण निदान तिच्या नावाचा तुकडा आत आहे. 'ङ'चं गुरुजी बघून घेतील, नावरस नाव काय ते पत्रिकेत राहील.

आता एकच अडचण. पाळण्याच्या गाण्यात मयाती कुठेच बसत नाहीये, आणि नणंद म्हणते गाण्याशिवाय ती कानात कुर्र करणार नाही. चार ओळी कुणाला सुचल्या तर रविवारच्या आत टाका.