मायची जखम पाझरायची थांबत नाही, किमो अडकलीय

चोपड्याची लेक

नमस्कार. माझ्या मायचं वय ५८, शुगर बऱ्याच वर्षांपासून. मार्चमध्ये तिच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. टाके चांगले होते, पण जखमेतलं पाणी बाहेर काढायला बसवलेल्या नळीत रोज ६०-७० मिली पाणी यायचं, ते काही कमी होईना. माय रोज सकाळी विचारायची, "हाई नयी कवय निंघी?" (ही नळी कधी निघेल?) शेवटी डॉक्टरांनी नळी काढली, तर काखेखाली पाणी साचून फुगवटा आला. सुईने काढलं, परत साचलं. मग टाक्यांचा एक कोपरा उघडला आणि तिथूनच पाझरायला लागलं. आता ते पाणी गढूळ येतंय, वास मारतो, आजूबाजूची कातडी लाल आणि गरम आहे. नमुना तपासायला दिलाय, तोवर गोळ्या चालू आहेत. किमो सुरू होणार होती, पण जखम आटोक्यात येईपर्यंत नाही म्हणाले.

मी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले ती इथेच थांबलेय. दुपारी पारा ४४ च्या वर, वर पत्रे, घामाने पट्टी तासाभरात सुटते. पण मायला दुखण्यापेक्षा वासाचा जास्त त्रास होतोय. आखाजीला भाच्या आल्या, निंबाला झोके बांधले, गाणी झाली, आणि ही मागच्या खोलीत दार लावून बसलेली. खापराच्या पोळ्या तिच्या हातच्या, गल्लीतल्या बाया तिला बोलवायला येतात. या वर्षी ती चुलीपाशी आलीच नाही.

शेजारणी रोज काहीतरी नवं सांगतात. हळद भर, तुरटीच्या पाण्याने धू, भात नको, वांगं नको, अंडं तर अजिबात नको, पू वाढतो. त्यामुळे माय कळण्याची भाकरी आणि पातळ वरण एवढ्यावरच आहे. वजन उतरतंय.

तुम्ही घरी हे कसं सांभाळलंत? किमोला उशीर झाला म्हणून आजार परत उठेल का? या भीतीने मला झोप लागत नाही. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात आणि तिथे नेमकं काय विचारायचं तेच सुचत नाही.

भुसावळ, रेल्वे कॉलनी

पोरी, तुझ्या मायच्या जागी मी होते. माझंही डावीकडचंच, काखेच्या गाठी काढलेल्या, आणि शुगर. नळी निघाल्यावरही माझी जखम सगळा उन्हाळा पाझरली. आज मी घरातलं सगळं करते. हे आधी मायला वाचून दाखव.

पाणी येणं वेगळं आणि पू होणं वेगळं. काखेतल्या गाठी काढताना लसिकेच्या बारीक वाहिन्या तुटतात, कातडीखाली पोकळी राहते आणि तिथे पाणी झिरपत राहतं. सुरुवातीला लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळं. असं पातळ, बिनवासाचं पिवळं पाणी आठवडेच्या आठवडे आलं तरी तेवढ्यावरून जंतू झाले असं होत नाही. सहसा २४ तासांत ३० मिलीच्या आत आणि तेही लागोपाठ दोन दिवस आलं की नळी काढतात. पण फार दिवस राहिलेली नळीच जंतूंना आत यायला वाट देते, म्हणून कधीकधी पाणी चालू असतानाही काढावी लागते. तुझ्या मायचं मात्र आता गढूळ, वासाचं, लाल आणि गरम आहे. हे जंतूंचं काम आहे, त्याला औषधच लागणार. हळद नाही, तुरटी नाही, कडुनिंबाचा पाला नाही. स्वयंपाकातली हळद निर्जंतुक नसते. ती उघड्या जखमेत गेली की घट्ट चिकटून बसते आणि डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही.

एक वही कर. सकाळ-संध्याकाळ ताप, शुगर, किती पट्ट्या भिजल्या, पाण्याचा रंग, वास कमी की जास्त. लाल कातडीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढ आणि बाजूला तारीख लिही. लाली रेघेच्या बाहेर सरकली तर पुढच्या तारखेची वाट बघू नको, त्याच दिवशी दवाखाना गाठ. माझा मुलगा हे सगळं लिहायचा. ओपीडीत वही पुढे केली की डॉक्टर आधी ती वाचायचे आणि मग बोलायचे. दोन मिनिटं पुरायची.

तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते लिहिलेलं असतं. तो हातात आल्याबरोबर डॉक्टरांना दाखव, कारण चालू गोळ्या त्या जंतूवर चालतातच असं नाही. आणि बरं वाटलं म्हणून कोर्स मधेच सोडू देऊ नको.

आता शुगर. जंतू असले की शुगर चढते, आणि चढलेली शुगर जखम भरू देत नाही. माझी जखम भरायला लागली ती इन्सुलिन सुरू झाल्यावर. मला सुयांचं भय वाटायचं, गोळ्यांवर भागवा म्हणून मी विनवलं होतं, पण डॉक्टरांनी ऐकलं नाही ते फार चांगलं झालं. मायची शुगर किती राहतेय ते तू लिहिलंच नाहीस. उद्याच बघ. किमोबरोबर स्टिरॉइड देतात, त्यानेही ती वाढते, म्हणून आत्ताच घडी बसलेली बरी.

आणि खाणं. पू जंतूंनी होतो, वांग्याने होत नाही. पाझरणाऱ्या पाण्यातून अंगातली प्रथिनं जातात आणि इकडे तुम्ही तिचं अंडं बंद केलंत. अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ६५ ते ८० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. कळण्याची भाकरी चांगलीच आहे, तिच्यात उडीद असतो, पण सोबत घट्ट वरण, मटकी, दही, पनीर, शेंगदाण्याची चटणी, अंडी हवीत. भरीत खावंसं वाटलं तर खुशाल खाऊ दे. फक्त मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर प्रथिनं किती ते डॉक्टरांना विचार.

माय मशेरी लावते का? लावत असेल तर बंद कर. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं.

किमोचं मलाही असंच वाटायचं, की इकडे दिवस चाललेत आणि तिकडे आजार वाढतोय. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं ते तुला सांगते. किमोने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे सगळ्यात खाली जातात. अंगात जंतू असताना तसं झालं तर जिवावर बेततं. काही आठवड्यांचा उशीर चालतो, ऑपरेशनपासून ३ महिन्यांच्या पुढे जाऊ नये असं बघतात. मार्चपासून मोज, अजून हातात वेळ आहे. पण "किमो कधीपर्यंत सुरू व्हायला हवी?" हा प्रश्न वहीत पहिल्या पानावर लिही.

सिस्टर, धुळे

मावशींनी बरंच सांगितलंय. मी पट्टीपुरतं सांगते, ताई.

आधी साबणाने हात, निदान वीस सेकंद. जखम सलाईनने धुवायची, गॉज बंद पाकिटातलाच. कापूस लावू नका, त्याचे तंतू जखमेत अडकतात. उघडलेल्या कोपऱ्यात सांगितल्याशिवाय काही कोंबू नका, पाणी बाहेर येऊ द्यायचंय. दिवसातून कितीदा याला ठरावीक आकडा नाही, भिजली की बदलायची. घामाने चिकटपट्टी सुटत असेल तर वरून सैल सुती पट्टा बांधा आणि पुढून बटणं असलेला ढगळ सुती ब्लाउज घाला. बाजूच्या कातडीला झिंकचं मलम लावता येतं, विचारून घ्या. कूलरचा झोत थेट जखमेवर नको. भिजलेली पट्टी दोन पिशव्यांत बांधून लगेच घराबाहेर, खोलीतला निम्मा वास त्यानेच जातो. वासासाठी जखमेवर लावायचं औषधही मिळतं, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. रोज एवढं जमत नसेल तर चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात ड्रेसिंगची चौकशी करा.

डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, म्हणून डाव्या हाताला सुई, सलाईन, बीपीचा पट्टा नको.

ताप १००.४ च्या वर, थंडी वाजून कापरं, लघवी कमी, बोलण्यात गोंधळ. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका.

शहादा

माझ्या वडिलांची तोंडाच्या कॅन्सरची मानेवरची जखम अशीच राहिली होती. शेवटी मुंबईला नेलं, तिथे हवा ओढून घेणारं मशीनचं ड्रेसिंग लावलं आणि मग भरत गेली. तुमच्यावर तशी वेळ आली तर रेल्वेची सवलत घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टियर एसीत तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला आणावा लागतो. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

चोपड्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आला, गोळ्या बंद करून इंजेक्शनं सुरू केलीत. शुगर ३०० च्या वर निघाली, इन्सुलिन चालू झालं. लाली रेघेच्या आत आहे. काल मायने दोन अंडी खाल्ली, शेजारीण बघत असताना. पट्ट्या लगेच बाहेर टाकतो म्हणून की काय, रात्री ती अंगणात आमच्यात बाज टाकून झोपली.

मावशी, एकच विचारते. ती डावा हात पोटाशी धरून बसते, हलवतच नाही. हात वर करायचे व्यायाम आता चालू करू का?

भुसावळ, रेल्वे कॉलनी

हात खांद्याच्या वर नेण्याचे व्यायाम सर्जनला विचारल्याशिवाय नको, जास्त ओढलं की पाझर वाढतो. मूठ उघडमीट, मनगट आणि कोपर हलवणं सहसा चालतं. बसताना हाताखाली उशी दे. आणि पुढच्या वेळी वहीत हा प्रश्न दुसरा लिही.