वायर: 'पिंक फ्लॅग'नंतर काय ऐकू?

नवा_भिडू: वायर या ब्रिटिश पंक बँडचा 'पिंक फ्लॅग' अल्बम एका बैठकीत संपवला. २१ गाणी, पस्तीसेक मिनिटं, काही तर अर्ध्या मिनिटात खलास! त्याच भरात 'द आयडिअल कॉपी' लावला, तर सिंथेसायझर आणि मशीनचा ठेका. हा तोच बँड? मधलं काय ऐकू? जाणकारांनी सुचवावं.

जुनी_कॅसेट: बँड तोच, पण मध्ये १० वर्षं गेलीत. 'पिंक फ्लॅग' १९७७चा, 'द आयडिअल कॉपी' १९८७चा. आधी 'चेअर्स मिसिंग' (१९७८), मग '१५४' (१९७९). क्रम बदलू नकोस. 'पिंक फ्लॅग' धरून तिन्हींचा निर्माता माइक थॉर्नच, पण पहिल्यातली कोरडी, खडखडीत गिटार पुढे कीबोर्डच्या धुक्यात शिरत जाते. 'चेअर्स मिसिंग'मधलं 'आउटडोअर मायनर' तर जेमतेम पावणेदोन मिनिटांचं. सिंगल म्हणून सुटं काढताना पियानो घालून लांबवलं. मला छोटंच आवडतं. आणि '१५४' म्हणजे तोवर झालेल्या कार्यक्रमांचा आकडा.

कानसेन: '१५४'ला +१. पण ऐंशीच्या दशकाला नाकं मुरडू नका राव. १९८५मध्ये पुन्हा जमले तेव्हा जुनं वाजवायचंच नाही असं ठरवलेलं. १९८७च्या अमेरिका दौऱ्यात 'एक्स-लायन टेमर्स' नावाचा बँड सोबत नेला. त्याने आधी 'पिंक फ्लॅग' वाजवायचा, मग यांनी नवीन. जुन्याची भूक असेल त्यांनी आधीच्या पंगतीला जेवून घ्या! त्या काळातला 'अ बेल इज अ कप' (१९८८) ऐकच. पुढे यंत्रं इतकी वाढली की ड्रमर रॉबर्ट गोटोबेड बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी इंग्रजी नावातलं शेवटचं अक्षर गाळून 'विर' म्हणून अल्बम काढला.

नवा_भिडू: भारी! बाय द वे, 'पिंक फ्लॅग'मधल्या 'थ्री गर्ल ऱ्हुम्बा'ची सुरुवात इलास्टिका बँडच्या 'कनेक्शन' गाण्यासारखी वाटते की मलाच भास?

जुनी_कॅसेट: भास नाही. या साधर्म्यावरून झालेलं प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

कानसेन: 'सेंड' (२००३) राहिला. पन्नाशीच्या आसपासच्या माणसांनी काढलेला आवाज, पण शेजाऱ्यांची तक्रार येईल इतका कडक. आणि गंमत म्हणजे 'चेंज बिकम्स अस' (२०१३) हा १९७९-८०च्या अर्धवट राहिलेल्या गाण्यांवरून बांधलाय. जुनं नको म्हणणारेच शेवटी जुनी ट्रंक उघडून बसले.

नवा_भिडू: वाचनखूण साठवली. 'चेअर्स मिसिंग' सुरू केलाय. 'द ड्रिल' नावाचाही एक दिसतोय, तो?

जुनी_कॅसेट: अख्खा अल्बम एकाच गाण्याची वेगवेगळी रूपं. पाहुणे उठत नसतील तेव्हा लाव.