अनुभव धागा: खेळांचे व्हिडिओ गेम – कोणत्या यंत्रावर नेमकं काय खरं वाटलं?

मंडळी, पिवळ्या कॅसेटवाल्या डब्यापासून (निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राची नक्कल) प्लेस्टेशन ५ पर्यंतचा प्रवास आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मुंबईतच केलाय. कुणी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घासाघीस करून घरी आणलं, कुणी तासावर पैसे देऊन पार्लरमध्ये खेळलं. दर नवं यंत्र आलं की ‘आता अगदी खऱ्यासारखं’ असं ऐकायला मिळतं. माझं मत आधीच मांडतो: चेहरे, घाम, गवत यांना डोळे लवकर सरावतात. चेंडू कसा वागतो आणि खेळाडूचं अंग कसं वागतं, ते मात्र रोज जाणवतं. पटत नसेल तर जरूर भांडा, पण ‘ग्राफिक्स भारी’ एवढ्यावर सोडू नका. यंत्र, गेम आणि नेमकी गोष्ट लिहा.

लालबागहून

आमच्याकडे तो डबाच होता. फुटबॉलमध्ये गोलसमोर गर्दी झाली की खेळाडू लुकलुकायला लागायचे. टीव्ही बिघडलाय असं वाटून बाबा मागची वायर हलवायचे. कारण खूप नंतर वाचलं: त्या यंत्राला एका आडव्या रेषेत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता यायचे, नववा आला की कुणाला तरी गायब व्हावं लागे. आमच्या गेममध्ये तर अकरा खेळाडूंचा संघही नव्हता. तरी त्यातला टेनिस मला आजही आवडतो. खुर्चीवर पंच म्हणून मारिओ बसलेला असायचा, आणि रॅकेट फिरवायची वेळ चुकली की चेंडू हुकायचा. टेनिस शेवटी वेळेवरच तर चालतो.

गोरेगावहून

क्रिकेट ०७ चं नाव कुणीतरी काढणारच होतं, मीच काढतो. २००६ च्या अखेरीस आला, पीसी आणि प्लेस्टेशन २ वर. त्यानंतर तो काढणाऱ्या ईए कंपनीने कन्सोलवर क्रिकेट काढलंच नाही. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांची कॉमेंट्री आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना पाठ होती. ऑस्ट्रेलिया-इंग्लंडचे खेळाडू खऱ्या नावाने, आपल्या खेळाडूंची नावं मात्र मोडतोड केलेली. ती बदलणं हे गेम टाकल्यावरचं पहिलं काम. पुढे चाहत्यांनी पीसीसाठी पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइली काढल्या, नवे कपडे, नवे चेहरे, आयपीएलचे संघ. इतक्या प्रेमाने कुठला गेम जपलेला मी पाहिलेला नाही.

पण खरेपणाचं म्हणाल, तर टप्पा कुठे पडणार ते खेळपट्टीवरच्या गोल खुणेने आधीच दिसायचं. मग गोलंदाजाचा हात वाचायचा कशाला? पुढे सरसावून उचलून मारलं की काम झालं. पॅच टाकून चेहरा आजचा केला, तरी चेंडू २००६ चाच राहिला. धागाकर्त्याच्या म्हणण्याला माझं अनुमोदन आहे ते यासाठी.

मुलुंडहून

वरच्या प्रतिसादाला जोडून. ती खूण माझ्यासाठी गेली डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४ मध्ये, प्लेस्टेशन ३ वर. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजचा गेम. कंट्रोलरच्या डाव्या काडीने पाय पुढे-मागे, उजव्या काडीने फटका. करिअरमध्ये आपण एकच खेळाडू. आऊट झालो की आपली बॅटिंग संपली. त्यामुळे ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देणं हाही मोठा निर्णय झाला. गेम खेळताना बॅट वर उचलून चेंडू जाऊ दिल्याचं समाधान मला आधी कधी मिळालं नव्हतं. संघांची खरी नावं वापरायचे परवाने नव्हते, चेहरे ओळखू येत नव्हते, तरीही.

मी मुंबईची कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा खेळलोय. १९४८ पासून ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात घेतात. एक चेंडू घोट्याला लागतो, पुढचा त्याच टप्प्यावरून छातीवर येतो. आऊटफिल्डला गवत इतकं वाढलेलं असतं की मधोमध बसलेला कव्हर ड्राइव्ह तीसएक पावलांवर रुतून थांबतो. म्हणून भलेभले तिथे हवेतून मारायला शिकतात. आजच्या गेममध्ये खेळपट्टीचा प्रकार निवडता येतो, पण जमिनीवरचा चांगला फटका गवतात अडकलाय असं मी कुठल्याच यंत्रावर पाहिलेलं नाही. मला नवीन चेहरे नकोत, ते गवत हवंय.

माहीमहून

धागाकर्त्याशी अर्धा असहमत. खेळणाऱ्याला चेंडू दिसतो, शेजारी बसलेल्याला बाकीचं सगळं. माझे वडील कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा बघत मोठे झाले. मी फिफा खेळताना ते चेंडूकडे बघतच नाहीत. ‘तो राइट बॅक बघ, उभाच आहे,’ हे त्यांचं ठरलेलं.

फिफा २२ मी आधी प्लेस्टेशन ४ वर खेळलो, मग भावाकडे ५ वर. वर्ष तेच, गेम तोच. पण नव्या यंत्रांसाठी बावीस खेळाडूंना सेन्सरचे पोशाख घालून पूर्ण सामना खेळवला होता आणि त्या हालचाली गेममध्ये घेतल्या होत्या. चार वर ते नव्हतं. पाचवर बचावफळी एका ओळीत सरकायची, चेंडू लांब असला तरी खेळाडू हाताने इशारे करायचे. बाबांनी त्या दिवशी राइट बॅकबद्दल तक्रार केली नाही. मी खेळताना मला हा फरक कळलाही नव्हता, त्यांनी दाखवला.

चेंबूरहून

वी स्पोर्ट्स. निन्टेन्डोच्या वी यंत्रावरचा, २००६ चा, रिमोट हातात धरून खरोखर हात फिरवायचा. बाहुल्यांसारखे खेळाडू, काही खेळांत तर धड हातसुद्धा नाहीत. मामांनी दुबईहून आणला होता. आजी साडीचा पदर खोचून बोलिंग खेळायची आणि दुसऱ्या दिवशी खांदा चोळत बसायची. यापेक्षा खरं काय हवं?

नागपाड्याहून

बास्केटबॉलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. मी इथल्याच कोर्टवर खेळत मोठी झाले. जुन्या गेममध्ये खेळाडू वळला की त्याचे बूट जमिनीवरून घसरत जायचे, फरशीवर तेल सांडल्यासारखे. बघणाऱ्याला ते किरकोळ वाटेल. पण आमच्या खेळात रोवलेला पाय हाच नियम आहे. तो सरकला की ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियमभंग. स्क्रीनवर दर मिनिटाला नियमभंग दिसत असेल आणि शिट्टी वाजत नसेल, तर माझं लक्ष उडतं.

प्लेस्टेशन ५ वरच्या एनबीए २के२१ ने मात्र मला जिंकलं. धावायचं बटण आर२. खेळाडू दमला की ते बटण कडक होतं, बोटाला जोर लावावा लागतो. आधी दमणं म्हणजे रिकामी होणारी एक पट्टी होती. ती संपली तरी बोट आरामात. आता चौथ्या क्वार्टरला मी आपोआप पास देते, कारण धावायचा कंटाळा येतो. कोर्टवरही मी हेच करते.

२के२१ दोन्ही यंत्रांवर खेळलेलं कुणी असेल तर प्लेस्टेशन ४ वरच्या पायांबद्दल लिहा. तिथे ते किती घसरतात, ते मला वाचायचंय.