पालथं झोपवू नका
ढेकर काढूनही बाळ दूध बाहेर टाकतं, म्हणून पालथं झोपवू का, असं विचारलंय. कृपया नको! झोपवायचं पाठीवरच. उताणं झोपवल्याने निरोगी बाळाच्या घशात दूध अडकण्याचा धोका वाढत नाही. अन्ननलिकेच्या खालची झडप अजून सैल असते, म्हणून दूध वर येतं. ओठाच्या कडेने फुटलेल्या दुधाच्या गुठळ्या ओघळल्या, पण बाळ मजेत आहे, वजन वाढतंय, तर घाबरू नका. पाजल्यावर २०-३० मिनिटं उभं धरा, डायपर पोटावर घट्ट नको. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात थांबतं. मात्र उलटी हिरवी असेल, त्यात रक्त दिसलं किंवा दर वेळी जोरात लांब उडत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. शू कमी झाली तरीही.