मॉड फ्लँडर्सचा मृत्यू: दडलेले संदर्भ की सारवासारव?

खिडकीकाठी:
'द सिम्पसन्स' या अमेरिकन अॅनिमेशन मालिकेचा अकराव्या हंगामातला चौदावा भाग, 'अलोन अगेन, नॅचुरा-डिडिली', १३ फेब्रुवारी २००० रोजी फॉक्सवर लागला. लेखन इयन मॅक्सटन-ग्रॅहम, दिग्दर्शन जिम रिअर्डन. नायक होमर सिम्पसनच्या शेजारच्या नेड फ्लँडर्सची बायको मॉड शर्यतीच्या मैदानात मरते आणि नेड विधुर होतो. ट्रिव्हियाच्या याद्यांत शीर्षकाबद्दल एकच ओळ असते: गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या १९७२ च्या 'अलोन अगेन (नॅचरली)' या गाण्यावर कोटी. माझ्या मते खरी गंमत त्या ओळीनंतर सुरू होते.

गाण्यात काय काय येतं ते पाहा. लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये एकटा पडलेला माणूस. मग देवाला विचारलेला जाब: असलास, तर मला का टाकलंस? आणि शेवटी वडील गेल्यावर मागे राहिलेली आई, जिने आयुष्यात त्या एकाच माणसावर जीव लावला. म्हणजे चर्च, श्रद्धेला गेलेला तडा आणि वैधव्य. या भागाचा सांगाडाही हाच आहे. नेड देवावर रुसतो, रविवारी चर्चला जायचं नाही म्हणतो, मग धास्तावून धावत जातो आणि तिथेच त्याला रेचल जॉर्डन गाताना दिसते. (तिचा आवाज गायिका शॉन कॉल्व्हिनचा.) नुसती कोटीच करायची असती तर 'अलोन' शब्द असलेलं कुठलंही गाणं चाललं असतं.

दुसरा संदर्भ अंत्यविधीतला. रेव्हरंड लव्हजॉय जे म्हणतो त्याचा मतितार्थ असा: मॉड आपल्या आयुष्यातली दुय्यम पात्र होती, तिच्याकडे ना तकियाकलाम होता ना बोलण्याची विनोदी ढब, तरी ती कायम होती. हे गावकऱ्यांना उद्देशून नाही, दहा वर्षं मालिका बघणाऱ्या आपल्याला उद्देशून आहे. लेखकांनी दिलेली कबुलीच म्हणा.

रोखठोक:
कबुली कसली, सारवासारव! मॉडचा आवाज मॅगी रॉसवेलचा. ती डेन्व्हरला राहायची आणि ध्वनिमुद्रणासाठी लॉस एंजेलिसला विमानाने ये-जा करायची. तिने मानधन वाढवून मागितलं, तर देऊ केलेली वाढ होती १५० डॉलर. तिकिटाचा खर्चही निघेना, म्हणून १९९९ च्या वसंतात तिने काम सोडलं. अॅनिमेशनच्या भागाला लेखनापासून प्रक्षेपणापर्यंत आठ-नऊ महिने सहज लागतात. वसंत १९९९ ते फेब्रुवारी २०००, मोजा बोटांवर. गाण्याची कडवी उलगडत बसण्याआधी हा हिशेब मांडा. 'दुय्यम पात्र' हे शब्द तर कलाकारालाच मारलेला टोमणा वाटतात.

आणि विरोधाभास बघा: २००२ मध्ये ती परत आली ती डेन्व्हरमधल्या घरूनच ध्वनिमुद्रण करण्याच्या बोलीवर. हेच आधी सुचलं असतं तर?

खिडकीकाठी:
हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. रॉसवेलकडे मॉड एकटी नव्हती. हेलन लव्हजॉय, मिस हूव्हर, लुअॅन व्हॅन हाउटन हे आवाजही तिचेच. ती गेल्यावर बदली म्हणून मार्शिया मिट्झमन गेव्हन आली, आणि या भागातली मॉडसुद्धा तिच्याच आवाजात बोलते. आवाज बदलून भागत होतं! मग चौघींपैकी मॉडच का मारली? कारण तिच्या जाण्याने नेडची गोष्ट उघडते. मिस हूव्हर गेली असती तर शाळेत बदली शिक्षिका आली असती, संपलं. पगाराच्या वादाने दार उघडलं असेल, आत कुणाला पाठवायचं ते लेखकांनी ठरवलं.

रोखठोक:
म्हणजे मारायला सगळ्यांत स्वस्त पात्र निवडलं. मी वेगळं काय म्हणतोय?

शेंगदाण्याची पुडी:
तुम्हा दोघांचं चालू द्या. मला मृत्यूच्या रचनेबद्दल बोलायचंय, कारण याद्यांमध्ये 'टी-शर्ट लागून पडली' एवढंच असतं. क्रम असा आहे. मैदानात प्रेक्षकांकडे तोफांनी टी-शर्ट उडवत असतात आणि होमर शर्ट हवा म्हणून आरडाओरडा करतो. शर्ट उडवणाऱ्या मुली सगळ्या तोफा एकदम त्याच्यावर रोखतात. ऐन क्षणी तो खाली पडलेली केसांची पिन उचलायला वाकतो. मागून हॉटडॉग घेऊन परतणाऱ्या मॉडला ते शर्ट लागतात आणि ती स्टँडच्या अगदी वरच्या टोकावरून मागे कोसळते. शिवाय होमरने गाडी लावलेली असते रुग्णवाहिकेच्या जागेत. एकेक दुवा काढून बघा: पिन नसती तर शर्ट होमरच्या पोटावर, जागा मोकळी असती तर निदान उपचार. दोन्ही चुका होमरच्या, आणि गाडीची चूक त्याच्याच तोंडून एका वाक्यात उरकली जाते. हे लपवणं मला सगळ्यांत बोचतं. इथे 'रोखठोक' यांच्या बाजूने.

जुनी फीत:
कुणी १९९४ चा उल्लेख कसा केला नाही? मॉड त्याआधी एकदा 'मेली' होती! सहाव्या हंगामाचा पहिला भाग, ४ सप्टेंबर १९९४. पाय मोडलेला होमरचा मुलगा बार्ट खिडकीतून दुर्बिणीने शेजार न्याहाळतो आणि नेडने बायकोचा खून केला अशी त्याची खात्री पटते. सरळसरळ हिचकॉकच्या १९५४ च्या 'रिअर विंडो'चं विडंबन. निघतं काय, तर नेडने जास्त पाणी घालून मॉडचं फायकसचं झाड मारलेलं असतं, आणि ती बाईसारखी किंकाळी त्याचीच. मॉड असते बायबल शिबिराला, लोकांना आणखी नावं कशी ठेवायची ते शिकायला. हा भाग पाहून मग २००० चा पाहावा. खोट्या मृत्यूला पूर्ण भागभर तपास, खऱ्याला काही सेकंद.

तसंच जानेवारी १९९९ चा लास व्हेगसचा भाग. नेड साठ वर्षांचा आहे हे तिथे कळतं आणि दारूच्या नशेत तो जिंजर नावाच्या बाईशी लग्न करून बसतो. म्हणजे बायको हयात असतानाच गडी बिजवर! विधुर नंतर झाला.

सहजच:
आणि बार्टची शिक्षिका एडना क्रॅबॅपल? होमर नेडची चित्रफीत बनवून त्याला स्थळं मिळवून देतो, तेव्हा लिंडसे नेगलबरोबर एडनाशीही त्याची भेट होते. पुढे त्यांचं खरंच लग्न झालं. बारा वर्षं आधी पेरलेलं बीज आहे हे.

जुनी फीत:
बीज वगैरे काही नाही. २०११ च्या मे महिन्यात बाविसावा हंगाम संपला तेव्हा नेड-एडनाची जोडी ठेवायची की तोडायची हे चक्क प्रेक्षकांच्या मतदानावर सोडलं होतं, निकाल सप्टेंबरमध्ये दाखवला. कौल उलटा लागला असता तर तुमचं बीज कुठे गेलं असतं? संदर्भ आणि योगायोग यांतला फरक ओळखायला एक कसोटी पुरते: भाग बनला त्या दिवशी लेखकांना ते माहीत असणं शक्य होतं का? १९७२ चं गाणं शक्य. १९९४ चा भाग शक्य. २०१२ चं लग्न अशक्य.

खिडकीकाठी:
कसोटी पटली. तिला धरूनच एक भर: चित्रफितीत नेडच्या शरीरावर जो विनोद आहे, त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २००० मध्ये, स्कीइंगच्या भागात घट्ट पोशाखातला नेड होमरच्या डोळ्यांपुढून हटत नाही. एकाच हंगामात दोनदा, हा योगायोग नव्हे.

रोखठोक:
वैधव्याबद्दल मात्र २००० च्या भागापेक्षा मे २००१ चा भाग जास्त खरं बोलतो. रेचल पाहुणी म्हणून येते आणि नेड ती झोपेत असताना तिचे केस मॉडसारखे कापतो. अंगावर काटा येतो, पण दुःखातला माणूस असंही वागतो हे दाखवायला धाडस लागतं. २००० च्या भागात नेड शेवटी रेचलला आपलं नाव सांगतो, ती तिचं सांगते, की झालं. दुखवटा बावीस मिनिटांत आटोपला.

शेंगदाण्याची पुडी:
मला तो शेवट आवडतो बुवा. नावापलीकडे काहीच नाही, लग्न नाही, वचन नाही. 'बावीस मिनिटांत आटोपला' म्हणता, पण त्यांनी आटोपलेलंच नाही.

जुनी फीत:
एडनाचा आवाज देणारी मार्शिया वॉलेस २५ ऑक्टोबर २०१३ रोजी गेली आणि नेड दुसऱ्यांदा विधुर झाला. ९ मार्च २०१४ च्या भागाच्या शेवटी तो एडनाबरोबरचा टँगो आठवतो, दंडावर काळी फीत. शाळेतला दांडगट मुलगा नेल्सन खिडकीबाहेरून सवयीने 'हा-हा' करतो आणि मग म्हणतो, मलाही तिची आठवण येते. लव्हजॉयने मॉडकडे तकियाकलाम नव्हता म्हटलं होतं ना? इथे सगळं दुःख एका तकियाकलामाच्या पाठोपाठ येतं, आणि तोही दुसऱ्याच्याच.